उपग्रह फोन कंपन्या दीर्घ मुदतीसाठी घ्याव्यात का? इरिडियम, ग्लोबलस्टार, व्हायासॅट आणि इतर

ताळेबंद (धागाकर्ता), जानेवारी २०२६

परदेशी समभागांच्या चर्चेत अलीकडे इरिडियमचे नाव दोन-तीनदा निघाले आणि प्रत्येक वेळी "इतका पडला आहे, आता आणखी किती पडणार" एवढेच कारण पुढे आले. पडला आहे हे खरे. २०२३ च्या पूर्वार्धात साठ डॉलरच्या वर असलेला हा समभाग २०२५ च्या अखेरीस वीस डॉलरच्या खाली होता. पण या धंद्यात भावाच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: आज आकाशात असलेला ताफा म्हातारा झाला की पुढच्या ताफ्याचे पैसे कोण भरणार?

हा प्रश्न इतिहासातूनच आलेला आहे. मोटोरोलाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या इरिडियमची सेवा नोव्हेंबर १९९८ मध्ये सुरू झाली आणि ऑगस्ट १९९९ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. सुमारे पाच अब्ज डॉलर खर्चून उभारलेली ही यंत्रणा डिसेंबर २००० मध्ये अवघ्या अडीच कोटी डॉलरच्या व्यवहारात नव्या मालकांकडे गेली आणि अमेरिकी संरक्षण खात्याच्या करारामुळे तगली. लोरल आणि क्वालकॉम यांनी उभारलेली ग्लोबलस्टार फेब्रुवारी २००२ मध्ये त्याच वाटेने गेली आणि २००४ मध्ये थर्मो कॅपिटलच्या हाती आली. दोन्हीकडे पहिल्या भागधारकांनी ताफा उभारला आणि नफा मात्र दुसऱ्यांनी, जवळजवळ फुकटात मिळालेल्या ताफ्यावर कमावला. त्यामुळे "ही कंपनी पंचवीस वर्षे टिकून आहे" हा युक्तिवाद ऐकला की मी आधी विचारतो, टिकून कोण आहे, कंपनी की तिचा भागधारक?

आता आजचे आकडे पाहू. इरिडियमचे ६६ उपग्रह सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून ध्रुवीय कक्षेत फिरतात आणि एकमेकांशी थेट बोलतात, म्हणून जमिनीवर फारशी भूकेंद्रे न ठेवताही त्यांची सेवा ध्रुवांपर्यंत पोहोचते. सध्याचा ताफा जानेवारी २०१७ ते जानेवारी २०१९ या काळात स्पेसएक्सच्या आठ उड्डाणांतून वर गेला आणि या सगळ्या प्रकल्पाला सुमारे तीन अब्ज डॉलर लागले. २०२४ मध्ये कंपनीचे उत्पन्न सुमारे ८३ कोटी डॉलर होते, व्याज, कर व घसारा वजा करण्यापूर्वीचा कार्यकारी नफा ४७ कोटी आणि कर्ज सुमारे १.८ अब्ज डॉलर. ग्राहक २४ लाखांच्या वर आहेत, पण त्यातले बहुसंख्य म्हणजे माणसे नव्हेत, तर ट्रक, बोटी, खाणीतली यंत्रे आणि हवामान केंद्रे यांच्यावर बसवलेली छोटी उपकरणे आहेत. कानाला लावायचा फोन हा या कंपनीचा चेहरा असला तरी वाढ यंत्रांकडूनच येते आहे.

निव्वळ नफा २०२३ मधील दीड कोटी डॉलरवरून २०२४ मध्ये सव्वाअकरा कोटींवर गेला, हे वाचून अनेकांना आनंद होतो. तो होण्याआधी घसाऱ्याची ओळ पाहावी. कंपनीने २०२३ च्या अखेरच्या तिमाहीत उपग्रहांचे हिशोबी आयुष्य साडेबारा वर्षांवरून साडेसतरा वर्षे केले आणि वर्षाचा घसारा सुमारे ३२ कोटींवरून २० कोटींवर आला. यात लबाडी काही नाही, उपग्रह खरोखरच अपेक्षेपेक्षा चांगले चालले आहेत. मात्र नफ्यातली वाढ ही धंद्यातली वाढ नव्हे.

मी स्वतः मांडतो तो हिशोब साधा आहे. ४७ कोटींतून चालू भांडवली खर्चाचे सातेक कोटी आणि व्याजाचे नऊएक कोटी वजा करा. मग तीन अब्जांचा ताफा साडेसतरा वर्षांत विभागून दरवर्षी सतरा कोटी बाजूला काढा. उरतात सुमारे चौदा कोटी, तेही करापूर्वी. त्याच २०२४ मध्ये कंपनीने समभागांच्या फेरखरेदीवर जवळपास ४० कोटी डॉलर खर्च केले आणि शिवाय लाभांश दिला. ती फेरखरेदीही आजच्या भावाच्या बऱ्याच वरच्या भावाने झाली. पुढच्या ताफ्यासाठी जे साठायला हवे होते ते भागधारकांना वाटले गेले, असे माझे मत झाले आहे. २०२५ च्या उत्तरार्धात व्यवस्थापनाने ही फेरखरेदी थांबवत असल्याचे सांगितले, त्याचे मी स्वागतच करतो.

ग्लोबलस्टारची गोष्ट निराळी. तिचे उपग्रह १,४१४ किलोमीटरवर असून ते केवळ आरशासारखे काम करतात, म्हणजे ग्राहक आणि भूकेंद्र एकाच वेळी उपग्रहाच्या टप्प्यात असावे लागतात. पहिल्या ताफ्यातील प्रवर्धक (संदेशाची ताकद वाढवणारे भाग) अपेक्षेपेक्षा लवकर बिघडू लागल्याने २००७ नंतर तिची दुतर्फा फोनसेवा बराच काळ नावापुरतीच उरली होती. २०१० ते २०१३ मध्ये दुसऱ्या पिढीचे २४ उपग्रह गेले, ज्यांचे नियोजित आयुष्य १५ वर्षे आहे. म्हणजे नूतनीकरणाची वेळ आताच आली आहे. फरक इतकाच की, या वेळी खर्चाच्या पाठीशी ॲपल उभे आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये आयफोन १४ सोबत आपत्कालीन संदेशसेवा जाहीर झाली, क्षमतेपैकी ८५ टक्के ॲपलसाठी राखली गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ॲपलने १.१ अब्ज डॉलरपर्यंतची आगाऊ रक्कम तसेच ४० कोटी डॉलरच्या बदल्यात उपकंपनीतला २० टक्के हिस्सा, असा करार केला.

व्हायासॅट या उपग्रह इंटरनेट कंपनीने मे २०२३ मध्ये इन्मारसॅट घेतली. या दोघींबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखे कमी आहे. जाणकारांनी भर घालावी.

दर्यावर्दी

मी व्यापारी जहाजावर रेडिओ आणि सुरक्षा यंत्रणेशी संबंधित काम करतो, त्यामुळे गुंतवणुकीपेक्षा ग्राहकाच्या बाजूने लिहितो. इन्मारसॅट १९७९ मध्ये जहाजांच्या सुरक्षेसाठी आंतरसरकारी संस्था म्हणून स्थापन झाली आणि १९९९ मध्ये तिचे खासगीकरण झाले. जागतिक सागरी आपत्ती यंत्रणेत, जिला आम्ही जीएमडीएसएस म्हणतो, उपग्रहाच्या बाबतीत अनेक वर्षे तिचीच मक्तेदारी होती. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने इरिडियमला मान्यता दिली आणि २०२० च्या अखेरीस तिची सेवा सुरू झाली. इन्मारसॅटचे भूस्थिर (जमिनीवरून एकाच जागी दिसणारे) उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच असल्याने ध्रुवांजवळ दिसतच नाहीत, तेथे इरिडियमला पर्याय नाही.

ही मागणी हौसेची नाही, ती नियमातून आलेली आहे. जहाजाला ती यंत्रणा बसवावीच लागते, भाव पाहून कोणी ती काढून टाकत नाही. परंतु दुसरी बाजूही सांगायला हवी. पूर्वी खलाशी घरी बोलण्यासाठी मिनिटाच्या दराने कार्ड विकत घेत असत आणि त्यातून या कंपन्यांना चांगली कमाई होत असे. आता ज्या जहाजावर स्टारलिंकचा (स्पेसएक्सच्या उपग्रह इंटरनेटचा) अँटेना आहे तेथे सगळे जण आपापल्या मोबाईलवरून व्हिडिओवर बोलतात. सुरक्षेचे उत्पन्न टिकेल, गप्पांचे गेले, असे मला दिसते. आमच्या पुलावर (नदीवरच्या नव्हे, जहाजाच्या) इरिडियमचा संच असतो, पण महिनोन्‌महिने त्यावर चाचणीपलीकडे काही होत नाही. अशा ग्राहकाकडून मासिक शुल्क नियमित मिळते, वाढ मात्र मिळत नाही.

शंकासूर

ताळेबंद यांच्या हिशोबातल्या एका गृहीतकाला माझा आक्षेप आहे. पुढचा ताफा तीन अब्जांचाच असेल हे कशावरून? मागचा ताफा ज्या काळात मागवला गेला त्यानंतर उड्डाणाचा आणि उपग्रहबांधणीचा खर्च मोठ्या प्रमाणात उतरला आहे. ग्लोबलस्टारनेच २०२२ मध्ये १७ उपग्रहांचा करार एमडीए या कॅनडाच्या कंपनीशी ३२.७ कोटी डॉलरला केला होता. म्हणजे उपग्रहामागे दोन कोटीही पडत नाहीत. इरिडियमचे उपग्रह परस्परांशी जोडलेले असल्याने अधिक महाग पडतील हे मान्य, तरी तीन अब्ज ही वरची मर्यादा समजावी. सतराऐवजी दहा कोटी बाजूला काढले तर उरणारी रक्कम चौदावरून एकवीस कोटी होते, म्हणजे ती दीडपट झाली.

दुसरे म्हणजे स्पेक्ट्रम. उपग्रह जुने होतात, वारंवारतेचा हक्क जुना होत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये स्पेसएक्सने इकोस्टार या अमेरिकी दूरसंचार कंपनीकडून स्पेक्ट्रम घेण्यासाठी सुमारे १७ अब्ज डॉलर देऊ केले. ज्याच्याकडे जगभर मान्य असलेला एल-बँडचा (उपग्रह फोन वापरतात त्या वारंवारतांचा) पट्टा आहे त्या इरिडियमचे मोल केवळ रोख प्रवाहावरून करणे म्हणजे जमीन सोडून तिच्यावरच्या पत्र्याच्या शेडची किंमत लावण्यासारखे आहे.

ताळेबंद

शंकासूर, बांधणीखर्चाचा मुद्दा मला पटतो. वर्षाला दहा ते सतरा कोटी अशी मर्यादा धरू. पण मग तुमच्याच तर्काची दुसरी धारही पाहा. उपग्रह स्वस्त झाले ते सर्वांसाठीच झाले. इरिडियमभोवतीची तटबंदी इतकी वर्षे याच कारणाने टिकली की दुसरा कोणी अब्जावधी डॉलर ओतून तसा ताफा उभारायला धजत नव्हता. नूतनीकरणाचा खर्च उतरणे आणि स्पर्धकाच्या प्रवेशाचा खर्च उतरणे, या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. पहिलीचा फायदा हिशोबात धरायचा आणि दुसरीचा तोटा धरायचा नाही, असे चालणार नाही.

स्पेक्ट्रमबद्दल आकडे सांगतो. इकोस्टारच्या त्या व्यवहारातील पट्टे एडब्ल्यूएस-४ आणि एच-ब्लॉक हे होते. दोन्ही मिळून ५० मेगाहर्ट्झ होतात. इरिडियमकडे एल-बँडमध्ये आठ मेगाहर्ट्झच्या आसपास आहे आणि ते सध्याच्या ग्राहकांनी व्यापलेले आहे. २४ लाख उपकरणे त्याच पट्ट्यावर बोलत असताना तो रिकामा करून विकता येत नाही. जागतिक पातळीवर एकाच पट्ट्याचे हक्क असणे दुर्मीळ आहे, यावर दुमत नाही. मात्र खरेदीदारांची संख्या मोजली तर ती एका हाताच्या बोटांवर मावते, आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या खरेदीदाराने नुकतीच आपली गरज दुसरीकडून भागवली आहे. बाजाराने सप्टेंबरनंतर इरिडियमला जी शिक्षा केली तिचे कारण हेच असावे.

विद्यार्थी

ग्लोबलस्टारचा भाव गेल्या दोन वर्षांत चांगलाच वाढलेला दिसतो. मग तिथे दीर्घ मुदतीचा भागधारक सुखी आहे असे म्हणता येईल का?

ताळेबंद

कधी घेतला यावर ते अवलंबून आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये हा समभाग १७ डॉलरने विक्रीस आला. त्यानंतर दुसऱ्या ताफ्याच्या पैशांसाठी इतके नवे समभाग काढावे लागले की त्यांची संख्या १.८ अब्जांच्या वर गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंधरा समभागांचा एक केला गेला. त्या हिशोबाने मूळ १७ डॉलर म्हणजे आजचे २५५ डॉलर होतात. २०२५ च्या अखेरीस, एवढी तेजी होऊनही, भाव त्याच्या एक तृतीयांशापर्यंतही पोहोचला नव्हता. कंपनी वाढली, जगली, ॲपलसारखा ग्राहक मिळवला, आणि तरीही पहिल्या दिवशीचा भागधारक खोल पाण्यातच राहिला. या धंद्यात भागविस्ताराचा, म्हणजे समभागांची संख्या किती वाढत गेली याचा, तक्ता हा नफा-तोट्याच्या तक्त्याइतकाच महत्त्वाचा असतो. त्यातही निम्म्याहून अधिक समभाग एकाच प्रवर्तकाच्या हाती आहेत, त्यामुळे ॲपलशी कोणत्या अटी मान्य करायच्या यात किरकोळ भागधारकाचे मत कोणी विचारत नाही. ८५ टक्के क्षमता ज्याची, कंपनीही त्याचीच, असे मी धरून चालतो. आपण खरेदी करतो ती ॲपलच्या मर्जीवर मिळणाऱ्या ठरावीक परताव्याची हमी, पण ती समभागाच्या जोखमीसह.

आखाती

अबुधाबीहून लिहितो आहे. थुराया या येथील उपग्रह फोन कंपनीचा उल्लेख कोणी केला नाही म्हणून थोडी भर. थुरायाची सेवा २००१ मध्ये सुरू झाली, २०१८ मध्ये याहसॅटने ती घेतली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये याहसॅट व बायानात यांच्या विलीनीकरणातून स्पेस४२ ही कंपनी येथील शेअरबाजारात आली. एप्रिल २०२४ मध्ये थुराया-३ हा उपग्रह बिघडला आणि आशिया-पॅसिफिकमधील सेवा बंद पडली. भूस्थिर कक्षेतल्या एखाद-दुसऱ्या उपग्रहावर अवलंबून असलेल्या कंपनीत ही जोखीम कायमचीच असते, तर ६६ उपग्रहांच्या ताफ्यात एक बिघडला तर राखीव उपग्रह त्या जागी सरकवता येतो. २००९ मध्ये इरिडियम-३३ रशियाच्या निकामी कॉस्मॉस-२२५१ वर आदळून नष्ट झाला, तेव्हाही सेवा थांबली नव्हती.

स्पेस४२ चा खरा आधार फोन नसून सरकार आहे. सुमारे ५.१ अब्ज डॉलरचा १७ वर्षांचा सरकारी करार हातात आहे. थुराया-४ जानेवारी २०२५ मध्ये वर गेला. उत्पन्नाची शाश्वती हवी असेल तर ही कंपनी पाहण्यासारखी आहे, परंतु तिला उपग्रह फोनची कंपनी म्हणून घेऊ नये. नकाशे, माहिती-विश्लेषण असे पुष्कळ काही त्यात मिसळले आहे आणि मला तरी त्या भागाचे मूल्य ठरवता येत नाही.

शंकासूर

व्हायासॅटबद्दलही थोडे. इन्मारसॅटचा व्यवहार ७.३ अब्ज डॉलरचा होता. तो पूर्ण झाल्यानंतर काही आठवड्यांतच व्हायासॅट-३ च्या पहिल्या उपग्रहाचा अँटेना नीट उघडला नाही, आणि त्याच वर्षी इन्मारसॅट-६ मालिकेतला दुसरा उपग्रह वीजपुरवठ्यातील बिघाडाने गेला. विम्याने बराचसा भार उचलला, कर्जाचा डोंगर मात्र तसाच राहिला. २०२५ च्या पूर्वार्धात दहा डॉलरच्या खाली असलेला भाव वर्षअखेरीस तीसच्या वर होता. असा समभाग कर्जामुळेच दोन्ही बाजूंना एवढा झुलतो. मी त्याला दीर्घ मुदतीचा समभाग म्हणणार नाही.

गणकयंत्र

एएसटी स्पेसमोबाईलला वगळून ही चर्चा पूर्ण होईल असे वाटत नाही. वर ज्यांची नावे आली त्यांना वेगळा संच किंवा खास चिप लागते. एएसटीचा दावा साध्या मोबाईलला थेट जोडण्याचा आहे. त्यासाठी आकाशातला अँटेनाच प्रचंड करावा लागतो: सप्टेंबर २०२४ मध्ये गेलेल्या पहिल्या पाच ब्लूबर्ड उपग्रहांचा अँटेना प्रत्येकी सुमारे ६४ चौरस मीटरचा होता, तर २४ डिसेंबर २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून आपल्या एलव्हीएम-३ रॉकेटने नेलेल्या पुढच्या पिढीच्या उपग्रहाचा २२३ चौरस मीटरचा आहे. भारतात व्होडाफोन आयडियाशी त्यांची भागीदारी जून २०२५ मध्ये जाहीर झाली. एटी अँड टी आणि व्हेरायझन हे अमेरिकेतले भागीदार आहेत, म्हणजे ग्राहक शोधण्याचा खर्च नाही.

ताळेबंद

तंत्र म्हणून मला एएसटीचे काम सर्वांत रोचक वाटते, हे आधी सांगतो. पण २०२४ चे तिचे उत्पन्न ४४ लाख डॉलर होते आणि २०२५ च्या अखेरीस बाजारमूल्य वीस अब्ज डॉलरच्या वर. १९९८ मध्ये इरिडियमकडे तंत्र नव्हते असे कोणी म्हणू शकत नाही. तंत्र उत्तम होते, कर्ज त्याहून मोठे होते आणि तोवर जमिनीवरचा मोबाईल स्वस्त झाला होता. एएसटीने कर्जाऐवजी मुख्यतः समभाग विकून पैसा उभा केला, त्यामुळे ती तशी बुडणार नाही. नव्या समभागांमुळे तिच्या भागधारकाचा हिस्सा मात्र विरत जाऊ शकतो. शिवाय समोर स्पेसएक्स आहे, जिचे सहाशेहून अधिक उपग्रह थेट मोबाईलला जोडणारे आहेत आणि टी-मोबाईलसोबतची सेवा जुलै २०२५ पासून अमेरिकेत चालू आहे. स्पेसएक्सला पुढच्या ताफ्याच्या पैशांसाठी उड्डाणाचे बिल दुसऱ्या कोणाला द्यावे लागत नाही. धाग्याच्या सुरुवातीच्या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर ज्या कंपनीकडे आहे तिचे समभाग आज बाजारात मिळतच नाहीत, ही या क्षेत्रातली मोठी अडचण आहे.

कलमबहाद्दर

भारतीय गुंतवणूकदारासाठी दोन बाबी, एक धंद्याची आणि एक कराची.

भारताची बाजारपेठ या कंपन्यांच्या हिशोबात जवळपास शून्य धरावी. २६/११ च्या हल्लेखोरांकडे थुरायाचा फोन होता आणि त्यानंतर नियम अधिकच कडक झाले. परवान्याशिवाय थुराया किंवा इरिडियमचा संच बाळगणे येथे गुन्हा आहे. उपग्रह फोन अधिकृतपणे मिळतो तो बीएसएनएलमार्फत, इन्मारसॅटच्या जाळ्यावर, तोही परवानगीने. गोव्याच्या विमानतळांवर परदेशी पर्यटकांना संदेश पाठवणाऱ्या छोट्या उपकरणांवरून अडवल्याच्या बातम्या आपण वाचल्या असतीलच. "भारत खुला झाला तर" या आशेवर इरिडियमचे मूल्य ठरवू नये.

करांबाबत: उदारीकृत रेमिटन्स योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात आणि गुंतवणुकीसाठी दहा लाख रुपयांवरील रकमेवर २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) कापला जातो, जो विवरणपत्रात समायोजित होतो. अमेरिकी लाभांशावर २५ टक्के तिथेच कापले जातात, त्याची वजावट येथे मिळते. चोवीस महिन्यांनंतर विकल्यास दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर अधिक अधिभार. परदेशी मालमत्तेची नोंद विवरणपत्रात करणे सक्तीचे आहे. आणि जी गोष्ट बहुतेक जण विसरतात ती ही, की अनिवासी व्यक्तीच्या मृत्यूनंतर तिच्या ६०,००० डॉलरवरील अमेरिकी मालमत्तेला तिथला वारसाकर लागू होऊ शकतो. दीर्घ मुदत म्हणजे वीस वर्षे म्हणत असाल तर हा मुद्दा किरकोळ नाही.

दर्यावर्दी

ताळेबंद, एवढ्या चर्चेनंतर आपण स्वतः काय करणार आहात, तेही सांगावे.

ताळेबंद

विचारलेत म्हणून सांगतो, सल्ला म्हणून नव्हे. एएसटी आणि व्हायासॅट मी घेणार नाही. ग्लोबलस्टारचे भवितव्य ॲपलच्या एका निर्णयावर टांगलेले आहे, म्हणून तीही नको. राहिली इरिडियम. आजच्या भावात ती मला महाग वाटत नाही, आपण सांगितलेले सुरक्षेचे आणि यंत्रांचे उत्पन्नही टिकाऊ वाटते. तरीही मी तीन गोष्टींची वाट पाहणार आहे. अमेरिकी सरकारशी झालेला ७३.८५ कोटी डॉलरचा सात वर्षांचा करार सप्टेंबर २०१९ मधला आहे, म्हणजे २०२६ मध्ये त्याचे नूतनीकरण समोर येते. ते कोणत्या दराने होते हे पाहायचे. १.८ अब्जांचे कर्ज उतरू लागते का, हे पाहायचे. आणि पुढच्या ताफ्याच्या खर्चाचा आकडा व्यवस्थापन स्वतःच्या तोंडाने सांगते का, हेही. सध्याच्या उपग्रहांचे साडेसतरा वर्षांचे हिशोबी आयुष्य २०३५-३६ च्या सुमारास संपते आणि असा ताफा मागवण्यापासून वर जाईपर्यंत सहा-सात वर्षे सहज जातात. म्हणजे तो आकडा २०२९ पर्यंत तरी यायला हवा. तो आला आणि वर्षांत विभागून माझ्या दहा ते सतरा कोटींच्या मर्यादेत बसला, तर मी खरेदी करीन, मग भाव आजच्यापेक्षा थोडा वर असला तरी चालेल.